डाव्या खांद्याची दुनळी

एडमंटन
२२ मे २०२३

चि. उन्मेष,

अनेक आशीर्वाद. आधी पत्र वाच आणि मगच पेटी उघड, असं लिहिणार होते. पण पत्र पेटीतच घातलंय, तेव्हा ते राहू दे.

अपूर्वाकडून कळलं की नोकरी सुटल्यापासून तू बेसमेंटमध्ये बसून जुन्या स्पॅनिश बंदुका उघडतोस. परत बंद करता येतात का, हे तिने सांगितलं नाही. तरी माझी पाठवते आहे. इथला दुरुस्तीवाला हिला हात लावायला पुढचा मार्च म्हणतो.

ही चंद्रकांतने अकरा वर्षांपूर्वी एका शेतावरच्या लिलावात घेतलेली दुनळी. विंटर टायर्सच्या सेटपेक्षा स्वस्त पडली, म्हणून तो तिला 'पाचवा टायर' म्हणायचा. तो गेल्यापासून दर रविवारी मीच ती घेऊन क्लबात जाते. तुझ्या आईला, म्हणजे माझ्या मावशीला, अजून वाटतं मी हरणं मारते. मी फक्त नारिंगी मातीच्या थाळ्या फोडते. मशीन त्या हवेत फेकतं, पंचवीसची एक फेरी. नागपूरला एनसीसीत रायफल मारली त्याचं व्याज अजून खाते आहे.

तक्रारी दोन. डावी नळी चापाला दाद देत नाही. तीनदा दाबला तर एकदा उडते. दुसरं म्हणजे दोन नळ्यांच्या मधून जी पट्टी जाते, जिच्यावरून नेम धरायचा, ती मधोमध वाकली आहे. मी कधी आपटली नाही, पण वाकली आहे. गेल्या वर्षी पंचवीसपैकी एकोणीस-वीस फुटायच्या, आता अकरा. इथे वणव्यांचा धूर इतका आहे की थोडा दोष त्याला देते. पण पट्टी वाकडी ती वाकडीच. तीस वर्षं हायवे खात्यात रस्त्यांचे नकाशे काढले, सरळ काय ते मला कळतं.

पैसे घ्यायला वेगळं लायसन्स लागतं म्हणे. म्हणून फुकट कर.

घरच्या ग्रुपवर या बंदुकीबद्दल अक्षर लिहू नकोस. देवेशला वाटतं त्याच्या आईने शूटिंग सोडलं. तो सध्या मला घर विकून कॅलगरीला त्याच्या शेजारच्या काँडोत आणायच्या खटपटीत आहे. म्हणून तर कागदावर लिहिते.

तुझी,
शुभाताई


व्हिटबी
९ जून २०२३

ती. शुभाताईस,
सा. न. वि. वि.

पेटी सुखरूप पोचली. सही मी केली. पोस्टातल्या बाईने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

तू विचारलं नाहीस तरी हे सगळं कसं झालं ते सांगतो, कारण सध्या घरात कोणी ऐकत नाही. अठरा वर्षं मी गाड्यांच्या सीटखालच्या रुळांवर पास-नापासचे शिक्के मारले. जानेवारीत फॅक्टरीने आमचा क्वालिटी विभागच नापास केला. अपूर्वा म्हणाली, घरी बसून राहू नकोस, एखादा कोर्स कर. तिच्या मनात प्रोजेक्ट मॅनेजमेंट होतं. मी बंदूक परवान्याचा केला. तिथे एका शेतकऱ्याने मला त्याची बंद पडलेली स्पॅनिश दुनळी दाखवली. घरी आणून उघडली तेव्हा पहिल्या दिवशी चार स्क्रूंची डोकी खाल्ली. स्पेनवाल्यांनी लोखंड मऊ वापरलंय असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे माझा स्क्रूड्रायव्हर चुकीचा होता. चार महिन्यांत सहा बंदुका झाल्या. पाच चालतात. सहावीबद्दल कृपया विचारू नकोस. अनुया म्हणते, 'बाबा, धिस इज नॉट अ हॉबी, धिस इज अ क्राय फॉर हेल्प.'

तरी या स्वस्त बंदुकांचा मला लळा लागलाय. महागड्या इंग्लिश बंदुकीला हात लावायचा तर घाम फुटेल. हिचं नक्षीकाम घाईत केलेलं, आतल्या कडा कानशीने साफ न केलेल्या, पण मूळ बांधणी प्रामाणिक. थोडा वेळ दिला की आपली होते.

तुझी डावी नळी: काडतुसाच्या बुडावर जी पिन आपटते ती झिजून आखूड झाली होती. नवी पिन बनवली, तिसऱ्या प्रयत्नात. रेंजवर जाऊन वीस काडतुसं उडवली, वीसही उडाली. चापही जरा हलका केला.

तुझी पट्टी: ताई, ती सरळ आहे. स्टीलची मोजपट्टी ठेवून, मागून दिवा धरून पाहिली. केसाएवढा उजेड कुठून येत नाही. उलटीसुलटी करून तीन वेळा मोजली. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी मोठ्या बहिणीला म्हणणार नाही. चष्मा बदल एवढंच म्हणेन.

परत पाठवतोय. सांभाळून.

तुझा,
उन्मेष


एडमंटन
३० जून २०२३

चि. उन्मेष,

बंदूक मिळाली. डावी नळी एकदाही चुकली नाही. क्लबात सगळ्यांना सांगितलं की माझा मावसभाऊ इंजिनियर आहे. चार स्क्रूंचं सांगितलं नाही.

पट्टीबद्दल तू म्हणतोस तर सरळ असेल.

आता दुसरं काम. क्लबात ईशिता नावाची एक मुलगी नवीन आली आहे, कॉलेजात शिकते. ती डावरी आहे. उजव्या खांद्याच्या बंदुकीने तिचं काही जमत नाही आणि नवी घ्यायची तिची ऐपत नाही. मी म्हटलं, माझी घे. मला आता कंटाळा आलाय. तर हिचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचं ते लाकूड, डाव्या खांद्यासाठी करून देशील का? तिची मापं सोबतच्या चिठ्ठीत लिहिली आहेत: कोपरापासून बोटापर्यंत, खांदा, मान, गाल, सगळं. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत पावणेचौदा इंच.

ऑक्टोबरात बर्फ पडायच्या आत झालं तर बरं. मागोमाग पेटी येतेच आहे.

शुभाताई


व्हिटबी
१८ जुलै २०२३

ती. शुभाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र फ्रिजवर लावलंय. 'तू म्हणतोस तर सरळ असेल' या वाक्याखाली लाल रेघ मारली आहे. चोपन्न वर्षांत तू माझ्याशी वाद न घालता हरलीस ती ही पहिली वेळ. अपूर्वालाही दाखवलं.

डाव्याचं काम आनंदाने करतो. तुला माहीत असेल, पण शहाणपणा दाखवल्याशिवाय राहवत नाही. दस्ता नळ्यांच्या रेषेत सरळ नसतो, खांद्याकडे किंचित वळलेला असतो. त्यामुळे गाल टेकला की डोळा आपोआप पट्टीवर येतो. तुझा उजवीकडे पाव इंच वळलेला आहे. ईशितासाठी तो डावीकडे पाव इंच हवा. म्हणजे एकूण अर्धा इंच लाकूड वाकवायचं. मुठीजवळ, जिथे दस्ता सर्वांत बारीक असतो तिथे, जवसाच्या गरम तेलात भिजवलेली फडकी गुंडाळायची, लाकूड आतपर्यंत तापू द्यायचं, मग शिकंज्यात धरून हळूहळू वळवायचं. जुने कारागीर शतकभर हेच करत आलेत. मी व्हिडिओ चार वेळा पाहिलाय.

एक फोटो पाठव ना, ईशिता बंदूक खांद्याला लावून उभी आहे असा. मापांवर माझा विश्वास आहे, पण मान किती तिरपी होते ते डोळ्यांनी पाहिलेलं बरं.

मुलीला सांग, काम पक्क्या हातात आहे.

उन्मेष


एडमंटन
२ ऑगस्ट २०२३

चि. उन्मेष,

फोटो जमणार नाही. ती लाजाळू आहे. मापं बरोबर आहेत, त्यांच्यावर कर.

इथे सगळं ठीक. परवा गाडी आत घेताना गराजच्या दाराला आरसा लागला, तो टेपने चिकटवलाय. दार अरुंदच आहे पहिल्यापासून. देवेश आला होता. त्याने आरसा पाहिला. मग काँडोचे फोटो दाखवले. बाराव्या मजल्यावर आहे, बाल्कनीत दोन कुंड्या मावतात. माझी इथे टोमॅटोची चौदा झाडं आहेत.

बंदूक कधी देतोस?

शुभाताई


व्हिटबी
२० ऑगस्ट २०२३

ती. शुभाताईस,

काम चालू आहे. लाकडाला विश्रांती लागते. घाई करून चालत नाही, जुने कारागीरही असंच म्हणतात. अनुयाचं युनिव्हर्सिटीचं सामान हलवायचं आहे, त्यात थोडे दिवस जातील. इंटरव्ह्यूही आहेत, एक-दोन.

टोमॅटो कसे आहेत?

उन्मेष


एडमंटन
९ सप्टेंबर २०२३

चि. उन्मेष,

टोमॅटो चांगले आहेत. माझ्या बंदुकीला टोमॅटो लागत नाहीत.

तुझं एवढं छोटं पत्र मी आयुष्यात पाहिलं नाही. दहावीत गणितात नापास झालास तेव्हाही निकाल सांगायच्या आधी तीन पानं लिहिली होतीस. काय झालंय ते सरळ सांग. पाच रविवार राहिले आहेत. ईशिता रोज विचारते.

शुभाताई


व्हिटबी
१ ऑक्टोबर २०२३

ती. शुभाताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी पाच वेळा लिहायला घेतलं. आज अपूर्वा स्कारबरोला तिच्या भावाकडे गेली आहे, घरात मी एकटा आहे, आणि आता लिहिलं नाही तर परत लिहिणार नाही.

ताई, तुझा दस्ता मोडला. २९ जुलैला, शनिवारी. मी मोडला.

तेल व्यवस्थित तापवलं होतं. शिकंजा मी स्वतः बनवलेला, त्याचा मला फार अभिमान. अर्ध्यापर्यंत लाकूड लोण्यासारखं वळलं. व्हिडिओतला माणूस म्हणतो की इथे थांबा, पुन्हा तापवा, उरलेलं नंतर. मला ते माहीत होतं. पण अपूर्वा वरून जेवायला हाका मारत होती, आणि मला तिला पूर्ण झालेला दस्ता दाखवायचा होता. सहा महिने त्या बाईला मी काहीच पूर्ण झालेलं दाखवलेलं नाही. अजून अर्धा फेरा दिला. आवाज फार मोठा झाला नाही. खारी मोडल्यासारखा झाला.

जेवायला वर गेलो. वरण-भात जेवलो. काही झालंच नाही असं जेवलो.

अठरा वर्षं मी दुसऱ्यांच्या मालावर लाल शिक्का मारला, ताई. चूक लपवणाऱ्या ऑपरेटरवर सगळ्यांत जास्त चिडायचो. चूक होते, पण लपवलीस तर पुढे गाडीत माणूस बसतो, असं भाषण ठोकायचो. आणि स्वतः दोन महिने तुला लाकडाला विश्रांती लागते म्हणून लिहितोय. इंटरव्ह्यूही नव्हते. एकही नव्हता. माझ्यावर विश्वास ठेवून काम देणारी वर्षभरात तू एकटी होतीस, आणि तुला कसं सांगू ते सुचेना.

चिकटवता आला असता, पण मुठीजवळची चीर बंदुकीच्या धक्क्याने कधीही उघडते. ते मी कोणाच्याही गालाशी लावू देणार नाही. म्हणून पोर्ट पेरीजवळच्या एका सुताराकडून अक्रोडाचा ठोकळा आणला आणि ऑगस्टपासून नवा दस्ता कोरतोय. लोखंडाचा भाग लाकडात तंतोतंत बसावा लागतो. त्यासाठी लोखंडाला काजळी फासायची, लाकडावर दाबायचं, काळे डाग पडतील तेवढंच पटाशीने खरवडायचं, परत फासायचं. असं किमान दोनशे वेळा. काजळी देवघरातल्या निरांजनावर धरतो. अपूर्वाला वाटतं मी धार्मिक झालोय. हात, नाक, टॉवेल, सगळं काळं. पण बसतंय. खरोखर बसतंय. पुढच्या महिन्यात मिळेल.

अजून एक सांगायचं राहिलं, आणि तेच सगळ्यांत अवघड आहे. मोडलेल्या दस्त्याच्या टोकावरचं काळं झाकण काढलं तर आत लाकडावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं. अक्षर चंद्रकांतरावांचं. त्यांनीच तो दस्ता तुझ्यासाठी कापून लहान केला असणार. तेवढा तुकडा मी जपून ठेवलाय. लिहिलंय: 'शुभदा. पावणेचौदा. गाल, मान'

मापं इथे उतरवून देतो, म्हणजे नव्या दस्त्याशी ताडून

ताई, थांब. ईशिताची चिठ्ठी माझ्या समोर आहे. पावणेचौदा. गाल तोच. मान तीच, अर्ध्या सुतापर्यंत.

आणि पट्टी. मी तीन वेळा मोजली, सरळ होती, आणि तुला वाकडी दिसत होती. तीस वर्षं रेघा मारणाऱ्या बाईला. दोन मापं जुळत नाहीत तेव्हा दुसरं माप घेणारं उपकरण तपासायचं, हे मी ट्रेनीला पहिल्या दिवशी शिकवायचो. मी काय केलं, तर म्हण ऐकवली आणि लाल रेघ मारून फ्रिजवर लावलं.

हे पत्र इथेच सोडतो. तुला फोन करतोय.


एडमंटन
१९ ऑक्टोबर २०२३

चि. उन्मेष,

अनेक आशीर्वाद. फोनवर तू ओरडलास त्याचा राग नाही. मीही ओरडले. पण चाळीस मिनिटांत आपण दोघांनी मिळून एकही वाक्य पुरं केलं नाही, म्हणून कागदावर लिहिते.

तुझं जूनमधलं पत्र वाचलं त्या दिवशी बंदूक खांद्याला लावली, पट्टी वाकडी. मग सहज उजवा डोळा मिटला. पट्टी सरळ झाली. परत उघडला, परत वाकडी. मग खिडकीच्या पडद्याच्या पट्ट्या पाहिल्या, दाराची चौकट पाहिली, वर्तमानपत्राचा रकाना पाहिला. उजव्या डोळ्याने सगळं मधोमध पोटात घेतल्यासारखं. म्हणजे मला जूनपासून माहीत होतं. धूर तर तोवर कधीच गेला होता.

शहाणी बाई असती तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेली असती. मी डावा खांदा वापरायचं ठरवलं. एक डोळा गेला तर दुसरा आहे, असा साधा हिशोब. डॉक्टरकडे गेले की नोंद होणार, देवेशला कळणार, गाडीची किल्ली जाणार, मग घर, मग बारावा मजला आणि दोन कुंड्या. हा सीझन तरी काढू, मग बघू, असं रोज म्हणायचे. तू दोन महिने लपवलंस म्हणून स्वतःला शिव्या देतोस. मी चार महिने लपवलं, तेही स्वतःच्या डोळ्याशी खेळून.

ईशिता क्लबात आहे, पण उजव्या हाताची आहे आणि तिला यातलं काहीही माहीत नाही. तिच्या नावावर मी माझी मान, माझा गाल आणि माझा खांदा खपवला. लाजाळू तर ती मुळीच नाही.

तू फोन केलास त्याच्या दुसऱ्या दिवशी गेले. डॉक्टरीण बाईंनी डोळ्याच्या मागचे फोटो काढले. पडद्याच्या मधल्या भागाखाली नको त्या नव्या रक्तवाहिन्या वाढून पाणी झिरपतंय. मधल्या भागावर थोडा व्रण पडलाय, तेवढं दिसणं परत यायचं नाही. बाकीचं टिकवायला डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं, दर महिन्याला. पहिलं घेतलं. ऐकायला जितकं वाईट वाटतं त्याच्या निम्मंही नाही, पण हे तुला सांगितलं म्हणून माझं कौतुक कमी करू नकोस. त्यांनी विचारलं, कधीपासून असं दिसतंय. मी म्हटलं, जून. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, 'जूनमध्ये आला असतात तर बरंच वाचलं असतं.' बस, एवढंच म्हणाल्या.

डावा डोळा चांगला आहे. त्यातही सुरुवातीची थोडी खूण आहे, म्हणून चौकटींचा एक कागद दिलाय. रोज सकाळी तो एकेका डोळ्याने बघायचा. रेघ वळली की त्याच दिवशी धावत यायचं. अजून चार महिने मी टाळलं असतं आणि डावाही वळला असता तर मला समजलंही नसतं, कारण मी डाव्याला शाबासकी देण्यात गुंतले होते. दिवसा गाडी चालवायला सध्या हरकत नाही. अंधार पडल्यावर नाही.

देवेशला मीच सांगितलं. मग त्याने विचारलं की इंजेक्शनच्या दिवशी मला कोण नेणार. मी काँडोच्या वादाची सगळी तयारी करून बसले होते, मुद्दे लिहून काढले होते, ते तसेच राहिले. तो महिन्यातून एकदा येणार आहे. घराचं वसंतात बोलू म्हणाला. मी हो म्हटलं. वसंतात मी टोमॅटोची रोपं लावायला घेईन, तेव्हा बोलू.

आता दस्त्याचं. मोडलास त्याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. तू फोनवर ते बोलायला लागलास तेव्हा मी विषय बदलला तो त्यामुळेच. चंद्रकांतने ते लाकूड आपल्या गराजमध्ये कापलं होतं आणि कापताना मला आत येऊ दिलं नव्हतं. पण पेन्सिलीचं मला माहीतच नव्हतं. छत्तीस वर्षांच्या संसारात त्या माणसाने मला एक पत्र लिहिलं नाही. माझ्याबद्दल त्याने लिहिलेलं आजवर सापडलेलं एकच वाक्य, आणि त्यात माझ्या हाताची लांबी आहे. तुकडा बंदुकीच्या पेटीत घालू नकोस. वेगळा पाठव, कापसात गुंडाळून.

आणि फ्रिजवरचं ते पत्र काढ.

शुभाताई


व्हिटबी
५ नोव्हेंबर २०२३

ती. शुभाताईस,
सा. न. वि. वि.

पत्र काढलं. तुकडा काल वेगळ्या पार्सलने गेला. बंदूक आज गेली.

सवयीप्रमाणे तपासणी अहवाल जोडतो, आणि या वेळी खरा. दस्ता डावीकडे पाव इंच, बरोबर. लांबी पावणेचौदा, बरोबर. लोखंड लाकडात बसतं. डाव्या बाजूला एका ठिकाणी कागद शिरेल एवढी फट आहे, ती माझी. मुठीवरच्या खाचा हाताने कापल्या आहेत. उजव्या बाजूच्या सरळ आहेत, डावीकडे एका जागी हात घसरला. बोटाला लागेल, बघायला जाऊ नकोस. तेल एकवीस दिवस तळहाताने चोळलं. लाकडाचा रंग जुन्यासारखा नाही, फिकट आहे. तो आणायचा प्रयत्न केला नाही. जुनं आहे असं दाखवायला नको वाटलं. रेंजवर पन्नास काडतुसं उडवली. मी उजवा असल्यामुळे गाल अजून सुजलेला आहे. निकाल: दिसायला नापास, वापरायला पास. सही केली आहे.

अपूर्वाला २९ जुलैचं सांगितलं. तिला त्याच दिवशी कळलं होतं. म्हणाली, दोनदा वरण घेतलंस आणि मीठ नाही हे तुझ्या लक्षात आलं नाही, तेव्हाच समजले. मग तिने विचारलं की इंटरव्ह्यूचं काय. तेही सांगितलं. बराच वेळ बसलो होतो दोघं बेसमेंटमध्ये, ती त्या ठोकळ्याच्या उरलेल्या भुश्यात पायाने रेघा ओढत होती. दुसऱ्या दिवशी मी चार ठिकाणी अर्ज केले. पूर्वीपेक्षा खालच्या जागांना. एका ठिकाणाहून बोलावणं आलंय, रात्रपाळीची तपासणी. जाऊन येतो.

ताई, जूनमध्ये मी म्हण ऐकवली नसती, नुसतं विचारलं असतं की तुला नक्की काय दिसतंय, तर. हे मी रोज एकदा तरी म्हणतो. तू उत्तर देऊ नकोस. मला म्हणू दे.

तुझा,
उन्मेष


एडमंटन
२७ नोव्हेंबर २०२३

चि. उन्मेष,

अनेक आशीर्वाद. तू उत्तर देऊ नको म्हणालास, पण मी मोठी आहे. जूनमध्ये तू विचारलं असतंस तर मी खोटं सांगितलं असतं. हे पुन्हा काढायचं नाही.

काल रविवारी क्लबात गेले. उणे आठ, ऊन स्वच्छ. देवेश दुसऱ्या इंजेक्शनसाठी आला होता, तो गाडी घेऊन आला आणि हात खिशात घालून मागे उभा राहिला. त्याने मला शूटिंग करताना कधी पाहिलंच नव्हतं. आणि पाहायचा दिवस त्याने कालचा निवडला.

डावा खांदा म्हणजे काय ते तुला कळणार नाही. पन्नास वर्षांची सवय सगळी उलटी. पाय चुकतो, कोपर चुकतं, थाळी उडाली की उजवा गाल आपला आपण धावतो. मी अठरा थाळ्यांपैकी अठरा सोडल्या. देवेश मागून म्हणाला, 'आई, इट्स ओके.' मी त्याला म्हटलं, नाही, नाहीये. पण खरं सांगू, दस्ता गालाला लावला की पट्टी सरळ दिसते. मोकळी, लांब, सरळ. सहा महिन्यांनी मी ती तशी पाहिली. पहिल्या दोन-तीन थाळ्या तर मी नेम धरायचा सोडून पट्टीच बघत राहिले म्हणून गेल्या.

एकोणिसावी फुटली. मग तेविसावी. पंचवीसपैकी दोन. एनसीसीतल्या आमच्या मॅडम असत्या तर त्यांनी मला मैदानाला चकरा मारायला लावल्या असत्या. मी कार्डावर माझ्या हाताने दोन लिहिलं आणि सही केली. देवेशने त्या कार्डाचा फोटो काढून बायकोला पाठवला. का, ते मला विचारवलं नाही.

क्लबात वॉल्टर म्हणून ऐंशीचे एक गृहस्थ आहेत. त्यांनी बंदूक हातात घेतली, उलटसुलट केली, फटीवर नख फिरवलं, मुठीवर जिथे तुझा हात घसरलाय तिथे अंगठा ठेवला. त्यांच्याकडेही अशीच एक स्पॅनिश दुनळी पडून आहे. विचारत होते की हा माणूस बाहेरचं काम घेतो का, आणि भरवशाचा आहे का. मी म्हटलं, आधी मोडतो आणि मोडलं हे दोन महिन्यांनी सांगतो.

वॉल्टर म्हणाले, 'दोनच महिने? माझी ज्याने मोडली त्याने अजून सांगितलेलं नाही.'

त्यांचा पत्ता खाली लिहिते आहे.

शुभाताई